भाकिते चढाईची, निकाल पकडीचा

प्रो कबड्डी लीगच्या बारा हंगामांत आठ वेगवेगळे संघ विजेते ठरले आहेत. पाटणा पायरेट्सने तिसरा, चौथा आणि पाचवा असे सलग तीन हंगाम जिंकले. तो अपवाद सोडला तर एकाही संघाला आपले विजेतेपद पुढच्या हंगामात राखता आलेले नाही. बारावा हंगाम ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत संपला. दबंग दिल्लीने पुणेरी पलटणला ३१-२८ असे हरवून दुसऱ्यांदा करंडक उंचावला आणि तेव्हापासूनच तेराव्या हंगामाच्या भाकितांना तोंड फुटले. अंधेरी-बोरिवलीच्या लोकलमध्ये असो वा घाटकोपर-मुलुंडच्या एखाद्या मंडळाच्या कट्ट्यावर, ही भाकिते ऐकताना एक गोष्ट जाणवते. चर्चा सुरू होते ती लिलावातल्या आकड्यांपासून आणि संपते ती चढाईपटूंच्या नावांवर. कोणत्या संघाने कोणावर किती कोटी लावले, यावरून त्या संघाची गुणतालिकेतली जागा ठरवून टाकली जाते. बारा हंगामांचा पूर्वेतिहास मात्र या पद्धतीच्या बाजूने उभा राहत नाही.

२०१८ च्या लिलावात प्रथमच सहा खेळाडूंनी कोटीचा उंबरठा ओलांडला. हरियाणा स्टीलर्सने मोनू गोयतसाठी १ कोटी ५१ लाख मोजले. तेलुगू टायटन्सने राहुल चौधरीसाठी, जयपूर पिंक पँथर्सने दीपक हुडासाठी, पुणेरी पलटणने नितीन तोमरसाठी, यूपी योद्धाने मुंबईच्या रिशांक देवाडिगासाठी आणि यू मुंबाने इराणच्या फजल अत्राचलीसाठी तिजोरी उघडली. या सहापैकी चार संघ बाद फेरीपर्यंतही पोहोचले नाहीत आणि सर्वांत मोठी रक्कम मोजणारा हरियाणा आपल्या गटात तळाला राहिला. जे दोन संघ पुढे गेले, त्यांतल्या यू मुंबाने पैसे लावले होते ते बचावपटूवर. त्याच हंगामात यू मुंबाने कोल्हापूरच्या सिद्धार्थ देसाईला ३६ लाखांच्या आसपास घेतले आणि त्याने चढाईचे २१८ गुण मिळवून दिले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच सिद्धार्थसाठी १ कोटी ४५ लाख मोजले. टायटन्स पुन्हा बाद फेरीबाहेरच.

यानंतरही बाजाराने धडा घेतला, असे म्हणता येत नाही. पवन सेहरावत हा या लीगने घडवलेला बहुधा सर्वांत आकर्षक चढाईपटू. २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने त्याच्यासाठी २ कोटी २६ लाख दिले. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि तो हंगामभर बाहेर बसला. जाणकारांनी थलैवाजची आशा त्या दिवशीच सोडली होती. पण नरेंदर या तरुणाने चढायांची जबाबदारी उचलली, तरुण बचावफळीने साथ दिली आणि हा संघ इतिहासात प्रथमच उपांत्य फेरीत गेला. पुढच्या हंगामात तेलुगू टायटन्सने पवनसाठी २ कोटी ६० लाखांहून अधिक रक्कम ओतली. तो हंगामभर खेळला, गुणही मिळवले. टायटन्सने मात्र २२ पैकी अवघे २ सामने जिंकले आणि तळ गाठला. अकराव्या हंगामानंतर त्यांनी त्याला सोडले आणि बाराव्या हंगामात हेच टायटन्स साखळीत पहिल्या चारांत आले. त्याच हंगामात पवन पुन्हा थलैवाजकडे गेला, त्याची साथ संघाला हंगामभर लाभली नाही आणि थलैवाजला पहिल्या आठांतही जागा मिळाली नाही. यात पवनला दोष देण्याचे कारण नाही. दोष आहे तो एका माणसाच्या दमावर संपूर्ण संघाचे भवितव्य मांडणाऱ्या हिशेबाचा.

या हिशेबात चूक कुठे होते, हे समजून घ्यायला मैदानात उतरावे लागते. चढाईपटू एकटा जातो आणि त्याचे यश अपयश त्याच्या नावावर स्वच्छ मांडता येते. साहजिकच दूरचित्रवाणीला तो हवा असतो आणि लिलावातल्या बोलीलाही. पकड ही मात्र सात जणांची, निदान तिघा-चौघांची गोष्ट असते. डाव्या कोपऱ्यातल्या खेळाडूने घोट्यात हात घातला की त्याच क्षणी मध्यरक्षकाने वाट अडवायची असते आणि साखळीतल्या दुसऱ्याने अंगावर यायचे असते. यात अर्ध्या सेकंदाची चूक झाली की एका गुणाऐवजी तीन गुण समोरच्याच्या खात्यात जातात. ही समज लिलावात विकत मिळत नाही. ती एकत्र खेळून येते आणि संघ मोडला की जाते. म्हणूनच एखाद्या हंगामाचे भाकीत करताना मला पहिला प्रश्न पडतो तो असा की, या संघाचे दोन कोपरे आणि दोन मध्यरक्षक गेल्या वर्षीचेच आहेत काय?

गेल्या तीन हंगामांकडे पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. चढाईच्या गुणांत दहाव्या हंगामात दिल्लीचा आशू मलिक, अकराव्यात पाटण्याचा देवांक दलाल आणि बाराव्यात पाटण्याचाच अयान लोहचब अव्वल राहिला. तिघांपैकी एकाचाही संघ त्या हंगामात विजेता झाला नाही. उलट दहाव्यात पुणेरी पलटण आणि अकराव्यात हरियाणा स्टीलर्स जिंकले, तेव्हा दोन्ही वेळा त्यांच्या बचावफळीत इराणचा मोहम्मदरेझा शादलुई होता. पुण्याने त्याच्यासाठी २ कोटी ३५ लाख मोजले होते आणि हरियाणाने २ कोटी ७ लाख. अर्थात, नियम म्हणून यावरही आंधळा विश्वास टाकता येत नाही. नवव्या हंगामात जयपूरचा अर्जुन देशवाल चढाईत अव्वल होता आणि जयपूरच विजेता झाला. बाराव्या हंगामात गुजरात जायंट्सने शादलुईसाठी २ कोटी २३ लाख दिले आणि गुजरातला पहिल्या आठांतही येता आले नाही. म्हणजे महागडा बचावपटू हासुद्धा एकटाच असेल तर तो महागडा चढाईपटू घेण्यासारखाच प्रकार ठरतो. शादलुई पुण्यात आणि हरियाणात गेला तेव्हा तिथे उभी फळी होती. तो तिला पूर्ण करणारा शेवटचा दगड होता.

आता आपल्या घरच्या संघाकडे वळू. २६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या बंदिस्त क्रीडागारात या लीगचा पहिला सामना झाला, तो यू मुंबाने जयपूरविरुद्ध ४५-३१ असा जिंकला. पहिल्या तिन्ही हंगामांत हा संघ अंतिम फेरीत होता आणि २०१५ मध्ये बंगळुरू बुल्सला ३६-३० असे नमवून विजेताही झाला. त्या संघाची आठवण निघाली की अनुप कुमारच्या शांत नेतृत्वाबद्दल आणि त्याच्या बोनस गुणांबद्दल भरभरून बोलले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्या संघाचा कणा होता तो मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा या दोन कोपऱ्यांत. चौथ्या हंगामात ही जोडी बंगळुरूकडे गेली, अनुप मुंबईतच राहिला आणि यू मुंबा चौथ्या व पाचव्या हंगामात बाद फेरीला मुकला. सहाव्यात फजल डाव्या कोपऱ्यात आला आणि संघ पुन्हा बाद फेरीत दिसला. सातव्यात तर उपांत्य सामन्यात बंगाल वॉरियर्सकडून तो अवघ्या दोन गुणांनी, ३५-३७ असा हरला. पुढे आठवा, नववा आणि दहावा हे तिन्ही हंगाम कोरडे गेले. आठव्यात फजल होता तरीही गेले, कारण चढाईची दुसरी बाजू रिकामी होती. हाच फजल पुढे नवव्या हंगामात पुण्याचा कर्णधार म्हणून अंतिम फेरीत पोहोचला आणि बाराव्यात दिल्लीच्या विजेतेपदाचा शिल्पकार ठरला. आपल्याकडचा माणूस दुसऱ्याच्या अंगणात जाऊन फळे देतो, ही मुंबईकरांची तक्रार निराधार नाही.

अकराव्या हंगामात अजित चौहान या नवोदिताने चढायांचा भार उचलला आणि मधल्या फळीत सुनील कुमारचा अनुभव आला. संघ चार वर्षांनी नव्हे, तब्बल चार हंगामांनी आणि मधली कोरोनाची खंड धरली तर पाच वर्षांनी बाद फेरीत आला. तिथे पाटण्याने त्याला रोखले. बाराव्यातही पहिल्या आठांत आल्यावर पाटण्यानेच त्याला घरी पाठवले. त्या पाटण्याचा प्रवास भाकीत करणाऱ्याला जमिनीवर आणणारा आहे. अर्ध्याहून अधिक हंगामभर तळाशी असलेला हा संघ शेवटच्या टप्प्यात ओळीने सामने जिंकत आठांत घुसला आणि एकेक पायरी चढत बाद फेरीत बराच पुढे गेला.

हे घडू शकले, त्यामागे बाराव्या हंगामातले नवे नियमही होते. पूर्वी विजयाला पाच गुण मिळत आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरणाऱ्यालाही एक गुण पदरात पडे. नव्या पद्धतीत विजयाला दोन गुण, पराभवाला शून्य आणि बरोबरी तर नाहीच. पाच-पाच चढायांनी, गरज पडल्यास सुवर्ण चढाईने निकाल लावायचा. बारा संघांपैकी आठांना पुढे जाण्याची संधी. याचा परिणाम असा की, थोडक्यात हरून गुण साठवत बसणाऱ्या सावध संघाला आता आसरा उरलेला नाही आणि हंगामाच्या पूर्वार्धात घसरलेल्या संघालाही परतीची वाट मोकळी राहते. साखळीत कोण पहिला येईल हे सांगण्याचे महत्त्व त्यामुळे घटले आहे. अखेरच्या तीन आठवड्यांत कोणाच्या संघात दुखापती कमी असतील, हा प्रश्न मोठा झाला आहे.

नवख्या लीगबद्दल भाकीत करणे तर याहूनही अवघड. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. सहा संघ, सात-सात जणांचा वेगवान खेळ, पंधरवड्यात ३४ सामने. चेन्नई बुल्सने अंतिम सामन्यात दिल्लीला ४१-० असे धुतले. मुंबई ड्रीमर्स मात्र घरच्या मैदानावर असूनही उपांत्य फेरीत नव्हता. बॉम्बे जिमखान्याच्या परिसरात वाढलेला हा खेळ उपनगरात आला, ही चांगलीच गोष्ट. पण संघाला मुंबईचे नाव दिले म्हणून तो मुंबईचा होत नाही, हे तिथे पंधरा दिवसांत दिसले. फिजी, अर्जेंटिना, आयर्लंडकडचे खेळाडू ज्याच्या वाट्याला चांगले आले, तो पुढे गेला. एका हंगामाच्या पुराव्यावर त्या लीगबद्दल याहून अधिक बोलणे म्हणजे पत्त्यांचा डाव पिसण्याआधीच हुकूम सांगण्यासारखे आहे.

इंग्लंडमधल्या तेरा जणांच्या रग्बी लीगचे तसे नाही. विगन, सेंट हेलेन्स, हल ही गावे शतकाहून अधिक काळ त्या खेळावर जगली आहेत आणि दर हंगामापूर्वी तिथली वृत्तपत्रे संघांचा क्रम छापतात. २०२० मध्ये हल किंग्स्टन रोव्हर्स हा संघ गुणतालिकेत शेवटचा होता. २०२३ पासून विली पीटर्स या एकाच प्रशिक्षकाच्या हाती संघ राहिला आणि २०२५ मध्ये त्याने चषक, साखळीतले अव्वल स्थान आणि अंतिम सामना अशी तिन्ही विजेतेपदे एकाच वर्षी पटकावली. चाळीस वर्षांत मोठा करंडक न पाहिलेल्या त्या गावाने एवढे स्वप्न बघितले नसेल. पण संघ मोडायचा नाही, एवढे पथ्य त्यांनी पाळले होते. प्रो कबड्डीत या पथ्याच्या सर्वांत जवळ गेलेला संघ दिल्लीचा आहे. सहाव्या हंगामापासून बाराव्यापर्यंत सलग सात वेळा तो बाद फेरीत पोहोचला. आठव्या हंगामात कर्णधार म्हणून करंडक उचलणारा जोगिंदर नरवाल बाराव्यात प्रशिक्षक म्हणून त्याच करंडकापाशी उभा होता.

हे सारे आकडे-मोडीपुरते राहिले असते तर एवढा शाईखर्च करण्याची गरज नव्हती. परंतु या चुकीच्या मोजमापाची झळ उपनगरातल्या मुलांना बसते आहे. जोगेश्वरी, कांदिवली, कुर्ला, भांडुप, विक्रोळी या भागांतल्या मंडळांनी कबड्डीला पिढ्यान् पिढ्या खेळाडू पुरवले. गिरणगावातला खेळ उपनगरात आला आणि रात्रीच्या प्रकाशझोतातल्या स्पर्धांमधून टिकला. त्या काळी या मुलांपुढचे उद्दिष्ट साधे होते : चांगला खेळ करायचा आणि नोकरी मिळवायची. एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्र, मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे, बँका यांचे संघ होते. प्रो कबड्डीची कल्पना ज्यांनी पुढे आणली त्यांत आनंद महिंद्र आहेत आणि त्यांच्या कंपनीचा कारखाना कांदिवलीत आहे, हा योगायोग मजेशीर खराच. आता देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली, एअर इंडिया २०२२ मध्ये खासगी मालकीची झाली आणि खेळाडूंच्या कायम नोकरभरतीचे जुने दिवस सरले. राहिली ती लीग. तिच्या लिलावात सर्वांत खालच्या गटाची मूळ किंमत गेल्या हंगामापर्यंत ९ लाख रुपये होती. चाळीतल्या वा पुनर्विकासाच्या प्रतीक्षेतल्या इमारतीतल्या मुलासाठी ही रक्कम लहान नाही. पण ती एका हंगामाची असते, निवृत्तीपर्यंतची नव्हे.

अशा वेळी मुलगा काय शिकेल? जे विकले जाते ते. सगळ्यांना चढाईपटू व्हायचे असते. कोपऱ्यात उभे राहून गुडघे फोडून घेण्याची हौस कमी होत जाते. शिवाय मॅटवरची पकड मॅटवरच शिकावी लागते आणि मॅट घेण्याची ऐपत प्रत्येक मंडळाची नसते. मातीवर घोट्याची पकड वेगळी बसते, पाय घसरण्याचा अंदाज वेगळा असतो. परिणामी उपनगरांतून आणि एकूण महाराष्ट्रातूनही चमकदार चढाईपटू येतात, कोपरारक्षक कमी येतात आणि ती जागा हरियाणा व इराण भरतात. जानेवारी २०१८ मध्ये रिशांकच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला ३४-२९ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद अकरा वर्षांनी परत आणले, तेव्हा संघात गिरीश इर्नाकसारखा कसलेला कोपरारक्षक होता, हे विसरले जाते. पुणेरी पलटणने हे ओळखले आणि अस्लम इनामदार, पंकज मोहिते, आकाश शिंदे यांसारखी राज्यातली मुले लहान वयात घेऊन एकत्र वाढवली. गेल्या चार हंगामांत हा संघ तीनदा अंतिम फेरीत गेला, तो त्याच जोरावर. अकराव्या हंगामात हरियाणाच्या विजयात नगरच्या शिवम पटारेचाही वाटा होता. आपली मुले कमी पडत नाहीत. त्यांना घेऊन थांबणारा संघ लागतो.

मुलींबद्दल तर भाकीत करायलाही जागा नाही. २०१६ मध्ये तीन संघांची महिला स्पर्धा पुरुषांच्या हंगामाला जोडून घेतली गेली, स्टॉर्म क्वीन्सने ती जिंकली आणि विषय तिथेच थांबला. २०१२ च्या विश्वविजेत्या भारतीय संघात महाराष्ट्राच्या तीन मुली होत्या. त्यानंतर भारतीय महिलांनी जिंकलेल्या पदकांकडे पाहता हे मौन समजण्यासारखे नाही.

तेव्हा तेराव्या हंगामाबद्दल माझा कौल असा. पुणेरी पलटण पहिल्या चारांत असेल. त्यांच्या गाभ्याला धक्का लागलेला नसेल तर पहिल्या दोनांतही. दिल्ली पुन्हा विजेती होणार नाही, इतिहास तिच्या विरुद्ध आहे, पण बाद फेरीत ती नक्की दिसेल. तेलुगू टायटन्सची प्रगती टिकाऊ वाटते. पाटण्याला ‘तळाचा’ म्हणण्याची घाई कोणी करू नये. ज्या संघाच्या खरेदीवर लिलावाच्या रात्री सर्वाधिक टाळ्या पडतील, त्याला मी पहिल्या चारांत धरणार नाही.

आणि यू मुंबा? पाचवे ते आठवे स्थान, असा माझा अंदाज. सुनील कुमारसारखा मध्यरक्षक असेल, दोन्ही कोपरे महिनाभर एकत्र सरावले असतील आणि अजित चौहानच्या जोडीला दुसरा भरवशाचा चढाईपटू मिळाला असेल तर यापेक्षा वर. यातली तिसरी अट पुरी होणे सर्वांत सोपे, पहिल्या दोन अवघड. एक मात्र नमूद करायला हवे. जानेवारी २०२४ मध्ये वरळीत झालेल्या सामन्यांनंतर अकराव्या आणि बाराव्या हंगामात मुंबईला एकही सामना मिळाला नाही. अकरावा हंगाम हैदराबाद, नोएडा आणि पुण्यात झाला. बारावा विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत. मुंबईचे नाव लावणारा संघ दोन हंगाम घराबाहेर खेळला. नव्या हंगामाचा कार्यक्रम हाती येईल तेव्हा उपनगरातल्या कबड्डीप्रेमींनी संघांच्या याद्या चाळण्याआधी शहरांची यादी पाहावी.